गॅरी किल्डॉल : चिपला भाषा देणारा शिक्षक

संगणकाच्या इतिहासात काही माणसे त्यांनी केलेल्या कामापेक्षा त्यांच्या हातून निसटलेल्या संधीमुळेच अधिक ओळखली जातात. गॅरी किल्डॉल हे त्यांतील ठळक नाव. १९८० मध्ये आयबीएमचे अधिकारी दारात उभे असताना हा माणूस आपले विमान घेऊन हौसेने आकाशात भराऱ्या मारत होता आणि त्या एका दिवसामुळे बिल गेट्स यांचे नशीब उघडले, अशी एक दंतकथा गेली चार दशके सांगितली जात आहे. ती सांगायला सोपी आणि ऐकायला चटकदार आहे. त्यामुळे किल्डॉल यांचे बावन्न वर्षांचे सारे आयुष्य तिच्याआड झाकले गेले.

वास्तविक त्यांची खरी कथा त्या दिवसाच्या आठ-नऊ वर्षे आधी सुरू होते. तेव्हा ते नौदलाच्या एका शिक्षणसंस्थेत गणित आणि संगणकशास्त्र शिकवत होते. बोटाच्या पेराएवढी एक चिप आणि तिच्या आज्ञांची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. त्या पुस्तिकेतून ते स्वतः जे शिकले, ते इतरांना कमी कष्टात करता यावे म्हणून त्यांनी जी साधने तयार केली, त्यांवर वैयक्तिक संगणकाचे युग उभे राहिले. कपडे धुण्याच्या यंत्रापासून खिशातल्या मोबाइलपर्यंत असंख्य उपकरणांमध्ये दडलेल्या चिपना कामाला लावण्याची आजची पद्धतही त्या वाटेनेच चालते.

खलाशांच्या घरातला मुलगा

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिअ‍ॅटल शहरात झाला. घराणे मूळचे नॉर्वेचे आणि समुद्राशी नाते सांगणारे. आजोबांनी १९२४ मध्ये नौकानयनाचे शिक्षण देणारी शाळा काढली होती. वडील जोसेफ तीच पुढे चालवत होते. आकाशातील ताऱ्यांची उंची मोजायची, कोष्टके उघडायची, त्रिकोणमितीची आकडेमोड करायची आणि जहाज कोठे आहे ते ठरवायचे, ही विद्या तेथे खलाशांना शिकवली जाई.

शाळेत गॅरी यांची गणना हुशार मुलांत होत नसे. यंत्रे खोलणे, मोटारी दुरुस्त करणे, विजेच्या उपकरणांशी खेळणे यातच त्यांचा जीव रमे. मात्र वडिलांच्या शाळेत ते शिकवू लागले, तेव्हा आपल्याला शिकवणे जमते आणि गणितही आवडते, हे त्यांच्या लक्षात आले. गणिताचा शिक्षक होण्याच्या इच्छेने त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. १९६३ मध्ये डोरोथी मॅकएवेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठात संगणकाशी गाठ पडली आणि गणिताच्या शिक्षकाचा संगणकशास्त्रज्ञ झाला. तेथील बरोज बी ५५०० या मोठ्या संगणकावर ते रात्ररात्र काम करत. माणसाला समजेल अशा भाषेतील आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता.

ते व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते. सक्तीच्या लष्करी सेवेतून सुटका नव्हती. युद्धनौकेवर जायचे की कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात शिकवायचे, असे दोन पर्याय समोर आले, तेव्हा त्यांना विचार करायला क्षणही लागला नाही. १९६९ मध्ये ते मॉन्टेरेला आले आणि लगतच्या पॅसिफिक ग्रोव्ह या लहानशा, समुद्रकाठच्या गावात त्यांनी बिऱ्हाड केले.

पुस्तिका आणि चिप

नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी टेड हॉफ, स्टॅन मेझर, फेदेरिको फॅजिन आणि मासातोशी शिमा यांच्या प्रयत्नांतून ही चिप साकारली होती. तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. संगणक म्हणजे वातानुकूलित दालनात ठेवलेले, लक्षावधी डॉलरचे यंत्र, असे समीकरण असण्याच्या त्या काळात २५ डॉलरमध्ये संगणक विकत मिळतो, अशा आशयाची इंटेलची जाहिरात किल्डॉल यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी चिप मागवली.

डोळ्यांसमोर वडील होते. हाताने दांडा फिरवताच जहाजाचे स्थान सांगणारे यंत्र असावे, असे जोसेफ किल्डॉल यांचे जुने स्वप्न होते. एवढीशी चिप ते करू शकेल का, हे मुलाला पाहायचे होते. त्यासाठी तिला साइन, कोसाइन यांसारखी त्रिकोणमितीची फलने काढता यायला हवी होती.

पुस्तिकेत दिलेल्या आज्ञा वाचल्यावर काम किती अवघड आहे ते कळत होते. ४००४ एका वेळी केवळ चार बिट हाताळत असे. म्हणजे तिच्या एका घासात शून्य ते पंधरा यांपैकीच एखादी संख्या मावे. आज्ञा सर्व मिळून ४६. त्यांत बेरीज होती, वजाबाकी होती; गुणाकार आणि भागाकार नव्हते. मोठी संख्या हवी असेल तर तिचे अंक वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायचे, हातचा सांभाळायचा आणि पाटीवर मूल करते तसे उजवीकडून डावीकडे सरकायचे. आज्ञावलीचा एक तुकडा दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला. परतीची वाट लक्षात ठेवण्यासाठी चिपजवळ तीनच जागा होत्या. चौथी हाक मारली की पहिली वाट हरवली. अशा यंत्राकडून त्रिकोणमिती करवून घेणे म्हणजे मोत्यांचा हार बोथट चिमट्याने ओवण्यासारखेच होते.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. नुसत्या चिपला ना कळफलक, ना पडदा. लिहिलेली आज्ञावली शून्य आणि एक यांच्या रूपात स्मृतीच्या वेगळ्या चिपमध्ये भरावी लागे. एखादी आज्ञा चुकली, तर ती स्मृती अतिनील प्रकाशाखाली धरून पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून भरायची. आत नेमके काय बिघडले, हे पाहण्याची सोय नव्हती.

किल्डॉल यांनी येथे जो मार्ग काढला, तो त्यांच्या पुढील साऱ्या कामाचा पाया ठरला. विद्यालयात आयबीएमचा मोठा संगणक होता. पुस्तिकेतील एकेक आज्ञा घेऊन, ती मिळताच ४००४ काय करील याचे हुबेहूब सोंग त्या मोठ्या संगणकाला वठवता येईल, अशी आज्ञावली त्यांनी लिहिली. आता चिपसाठी लिहिलेला कोणताही मजकूर आधी मोठ्या संगणकावर चालवून पाहता येऊ लागला. कोणत्या क्षणी कोणत्या कप्प्यात कोणती संख्या आहे, हे कागदावर छापून मिळू लागले. चूक तेथेच सापडे, तेथेच दुरुस्त होई आणि निर्दोष झालेली आज्ञावलीच चिपकडे जाई.

मोठ्या यंत्रावर लिहायचे, तेथेच तपासायचे आणि मग लहान यंत्रात उतरवायचे, हीच रीत आज सर्वत्र रूढ आहे. मोबाइलसाठी अ‍ॅप लिहिणारा पुण्यातील तरुण संगणकाच्या पडद्यावर मोबाइलचे आभासी रूप उघडून आपले काम तपासतो, तेव्हा तो याच रीतीने चालत असतो.

भाषेची देणगी

किल्डॉल यांचे काम इंटेलला उपयोगाचे वाटले. आठवड्यातून एक दिवस ते सल्लागार म्हणून पॅसिफिक ग्रोव्हहून शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या सांता क्लारा येथे जाऊ लागले. मोबदला म्हणून इंटेलची यंत्रसामग्री मिळे. असे मिळालेले इंटेलेक-८ हे यंत्र त्यांनी आपल्या वर्गाच्या मागच्या बाजूला ठेवले आणि विद्यार्थ्यांना त्यावर हात चालवण्याची मुभा दिली. नौदलाच्या त्या विद्यालयातील मायक्रोकॉम्प्युटरची ती पहिली प्रयोगशाळा.

याच सुमारास त्यांची पीएच.डी. पूर्ण झाली. आज्ञावलीचा अर्थ न बदलता ती अधिक सुटसुटीत व वेगवान कशी करावी, यावर त्यांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत आजही कंपायलरच्या अभ्यासात त्यांच्या नावाने शिकवली जाते. या अभ्यासाचा आणि चिपच्या अनुभवाचा मिलाफ त्याच वर्षी झाला. ४००४ पाठोपाठ इंटेलने आठ बिटची ८००८ ही चिप आणली होती. तिच्यासाठी किल्डॉल यांनी पीएल/एम ही भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी बनलेली ही पहिली उच्चस्तरीय भाषा.

तिचे महत्त्व साध्या शब्दांत सांगायचे तर असे. तोवर चिपकडून काम करून घेणाऱ्याला प्रत्येक कप्प्याचा हिशेब स्वतः ठेवावा लागे. आता दोन संख्यांची तुलना कर, अमुक असेल तर हे कर, नाही तर ते कर, अशा वाक्यांत लिहिता येऊ लागले. त्याचे चिपच्या आज्ञांत रूपांतर करण्याचा भार कंपायलरने उचलला. यंत्रसामग्रीत चिप बसवू पाहणाऱ्या अभियंत्यांचे काम त्यामुळे कितीतरी हलके झाले. पुढे ८०८० आणि ८०८६ या चिपसाठी व नियंत्रणाच्या कामात सर्वत्र वापरल्या गेलेल्या ८०५१ साठीही पीएल/एमच्या आवृत्त्या निघाल्या. महाराष्ट्रातील पदविका आणि पदवीच्या अनेक पिढ्यांनी ८०८५ च्या किटवर एकेक आकडा दाबत आज्ञावली भरली आहे. ती चिप ८०८० चीच पुढची पिढी. त्या खटाटोपाची आठवण असणाऱ्यांना या देणगीचे मोल वेगळे सांगायला नको.

अवजारांच्या खोपटातील सीपी/एम

मात्र पीएल/एमसाठी अजूनही मोठा संगणक लागत होता. चिपसाठीची आज्ञावली त्या चिपवरच लिहिता आली तर? अडथळा साठवणुकीचा होता. कागदी फीत संथ आणि कटकटीची. शुगार्ट कंपनीची आठ इंची फ्लॉपी त्या मानाने वरदानच. एका चकतीवर सुमारे अडीच लाख अक्षरे मावत. किल्डॉल यांनी तिची ड्राइव्ह मिळवली, पण ती चिपला जोडणारे मंडल त्यांना काही केल्या साधेना. अखेर विद्यापीठातील मित्र जॉन टोरोड मदतीला आले. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथील घराच्या आवारातील अवजारांच्या खोपटात ही जोडणी यशस्वी झाली आणि किल्डॉल यांनी लिहिलेल्या सीपी/एम या कार्यप्रणालीने फ्लॉपीवरील मजकूर वाचून दाखवला.

इंटेलला पीएल/एम हवी होती. सीपी/एममध्ये रस नव्हता. मग किल्डॉल पती-पत्नींनी घरातूनच स्वतःची कंपनी सुरू केली. प्रारंभी तिचे नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च असे भारदस्त होते. पुढे ते डिजिटल रिसर्च एवढेच राहिले. डोरोथी व्यवहार पाहत, गॅरी आज्ञावली लिहीत. त्या काळात पोटापाण्यासाठी त्यांनी बेन कूपर यांच्याबरोबर नाणे टाकल्यावर भविष्य सांगणारे यंत्रही बनवले. दोघांचाही फलज्योतिषावर विश्वास नव्हता आणि लोकांनीही त्या यंत्रावर फारसा ठेवला नाही. धंदा बुडाला, पण त्या निमित्ताने लिहिलेली चुका शोधण्याची साधने सीपी/एमच्या कामी आली.

१९७५ नंतर घरगुती संगणकांचे पेव फुटले. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची जोडणी निराळी, फ्लॉपी निराळी. दरवेळी सीपी/एम नव्याने जुळवून देण्याचा किल्डॉल यांना कंटाळा आला. इमसाई कंपनीच्या संगणकाच्या निमित्ताने १९७६ मध्ये त्यांनी तोडगा काढला. यंत्रागणिक बदलणारा सगळा भाग त्यांनी एका छोट्या तुकड्यात वेगळा काढला आणि त्याला बायॉस असे नाव दिले. उरलेली कार्यप्रणाली सर्वत्र तीच. नवे यंत्र आले की तेवढा तुकडा बदलायचा.

ही कल्पना दिसायला लहान, परिणामाने प्रचंड ठरली. एका संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर चालू लागली. त्यातूनच सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विक्रीयोग्य माल झाला. पुढे आपल्याकडच्या कार्यालयांतही घरोघरीच्या नावासारखे झालेले वर्डस्टार आणि डीबेस यांची पहिली पावले सीपी/एमवरच पडली. ही कार्यप्रणाली ७० डॉलरला मिळे आणि कालांतराने ती सुमारे ३,००० प्रकारच्या संगणकांवर चालली, असा अंदाज आहे. किल्डॉल यांनी नौदलातील अध्यापन सोडले. पण घरात सुरू झालेल्या कंपनीचे वातावरण दीर्घकाळ एखाद्या विद्यापीठाच्या विभागासारखेच राहिले.

तो एक दिवस

१९८० मध्ये आयबीएमने घाईघाईने वैयक्तिक संगणक बाजारात आणायचे ठरवले. कार्यप्रणालीसाठी ते आधी मायक्रोसॉफ्टकडे गेले. गेट्स यांनीच त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठवले. ठरल्या दिवशी किल्डॉल स्वतःच्या विमानाने बिल गॉडबाउट या जुन्या ग्राहकाकडे गेले होते. हौसेची भरारी नव्हे, तर कामाची भेट होती. कंपनीचे करारमदार डोरोथी पाहत असल्याने आयबीएमशी प्राथमिक बोलणी त्यांनी करणे यात वावगे काही नव्हते. आयबीएमने मात्र बोलण्यापूर्वीच एकतर्फी गोपनीयता करार पुढे केला. डोरोथी यांनी वकिलांचा सल्ला घेतला आणि सही करण्यास नकार दिला. दुपारी किल्डॉल परतले व चर्चेत सामील झाले की नाही, याबाबत तेथे असलेल्यांच्याच आठवणी जुळत नाहीत. एवढे खरे की करार झाला नाही.

आयबीएम पुन्हा मायक्रोसॉफ्टकडे गेली. सिअ‍ॅटलमधील एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन या तरुण अभियंत्याने ८०८६ चिपसाठी एक कार्यप्रणाली तयार केली होती. सीपी/एमसाठी लिहिलेल्या आज्ञावली तिच्यावर सहज आणता याव्यात म्हणून तिची बाह्य रचना त्याने सीपी/एमच्या माहितीपुस्तिकेबरहुकूम ठेवली होती. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये ५० हजार डॉलर देऊन सर्व हक्क विकत घेतले. पुस्तिका वाचून चिप शिकलेल्या माणसाच्या पुस्तिकेवरूनच त्याचा प्रतिस्पर्धी उभा राहिला होता.

ते साम्य लक्षात येताच किल्डॉल यांनी आयबीएमला जाब विचारला. सॉफ्टवेअरच्या हक्कांविषयीचा कायदा तेव्हा पुरेसा स्पष्ट नव्हता. खटला न भरण्याच्या बदल्यात सीपी/एम-८६ ही आपल्या संगणकाबरोबर विकण्याचे आयबीएमने मान्य केले. पण १९८२ मध्ये ती दुकानात आली, तेव्हा पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४० डॉलर होती. ग्राहकाने काय निवडले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

शिकवणे सुटले नाही

पराभवानंतर किल्डॉल थांबले नाहीत. १९८३ ते १९९० या काळात स्टुअर्ट शेफे यांच्यासोबत त्यांनी कॉम्प्युटर क्रॉनिकल्स हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सादर केला. नव्या यंत्रांची ओळख ते मृदू, संयत स्वरात सामान्य प्रेक्षकांना करून देत. प्रतिस्पर्ध्यांच्या मालाबद्दलही त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसे. १९८५ च्या सुमारास त्यांच्या नव्या कंपनीने ग्रोलियरचा संपूर्ण ज्ञानकोश एका सीडी-रॉमवर आणला. डिजिटल रिसर्चची डीआर-डॉस १९८८ मध्ये आली आणि पुढे ती विशिष्ट कामाच्या यंत्रांमध्येही वापरली गेली. १९९१ मध्ये नोव्हेलने डिजिटल रिसर्च विकत घेतली. किल्डॉल यांना पैशाची ददात नव्हती. विमाने होती, घरे होती.

सल मात्र कायम होता. डोरोथी यांच्याशी काडीमोड झाला होता आणि पुढे मद्याचे व्यसनही जडले. जेथे जाल तेथे त्या एका दिवसाचा प्रश्न पाठ सोडत नसे. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणक विभागाच्या वर्धापनदिनी प्रमुख वक्ते म्हणून गेट्स यांना बोलावले गेले. त्याच विभागात पीएच.डी. मिळवलेल्या किल्डॉल यांच्या ते जिव्हारी लागले. त्यांनी आत्मकथन लिहिण्यास घेतले आणि १९९३ मध्ये त्याच्या प्रती मोजक्या आप्तमित्रांना दिल्या. ८ जुलै १९९४ रोजी मॉन्टेरे येथील एका उपाहारगृहात त्यांच्या डोक्याला दुखापत झाली. तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

न्याय उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी मिळाला. हॅरल्ड एव्हान्स यांनी २००४ मधील ग्रंथात किल्डॉल यांची बाजू मांडली. त्यावर पॅटरसन यांनी भरलेला बदनामीचा दावा न्यायालयाने २००७ मध्ये फेटाळला. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने सीपी/एमच्या आरंभीच्या आवृत्त्यांची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली आणि २०१६ मध्ये कुटुंबीयांच्या संमतीने आत्मकथनाचा पहिला भागही प्रसिद्ध केला.

पॅसिफिक ग्रोव्हच्या लाइटहाउस अ‍ॅव्हेन्यूवर डिजिटल रिसर्चचे जुने कार्यालय आहे. विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने एप्रिल २०१४ मध्ये तेथे स्मृतिफलक बसवला. त्यावर सीपी/एमचे नाव आहे, मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या संगणकांचा मार्ग तिने कसा खुला केला याची नोंद आहे. आयबीएमच्या भेटीचा त्यात उल्लेख नाही.